न पिणाऱ्या बाईचं लाल नाक

माझ्या मावशीने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. खोकल्याचं औषधसुद्धा ती बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून मगच घ्यायची, आणि त्यात अल्कोहोल दिसलं की बाटली ठेवून तशीच खोकत बसायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण तिचं नाक पाहिलेल्या माणसाचा यावर विश्वास बसत नसे.

मूळची ती गोरीपान. पंचेचाळिशीच्या आसपास नाक लाल व्हायला लागलं, मग गाल, मग कपाळाचा मधला भाग. जवळून पाहिलं तर गालांवर लाल दोऱ्याचे धागे टाकल्यासारख्या शिरा दिसायच्या, मधूनच पुळ्या यायच्या. गरम चहा घेतला की चेहरा पेटायचा, उन्हात पेटायचा, हसली की पेटायचा आणि चिडली की विचारूच नका. मावशी दिवसातून दोनदा हसायची आणि वीसदा चिडायची.

ती शाळेची बस चालवायची. बावीस वर्षं. एवढ्या वर्षांत एकदाच तिची बस शाळेच्या फाटकाला घासली होती आणि त्यातही चूक फाटकाची होती असं तिचं म्हणणं. मुलं तिला सिग्नलमावशी म्हणायची. तोंड लाल झालेलं आरशात दिसलं की मागच्या बाकावरचीसुद्धा गप्प बसत. तिला ते नाव माहीत होतं. "बरंय की," म्हणायची, "ओरडायचे कष्ट वाचतात."

तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, सोफ्यांना नवीन कापड चढवायचे. माणूस काडीसारखा, मावशीच्या खांद्याला लागायचा. काम करताना बारीक खिळे तोंडात धरायची सवय, त्यामुळे दिवसभर बोलणं तुंबायचं आणि संध्याकाळी धरण फुटायचं. दोघांना मूलबाळ नव्हतं, पण बसमध्ये अठ्ठेचाळीस होती. "रोज परत करता येतात," मावशी म्हणायची, "हाच त्यातला फायदा."

तर एक दिवस एका पालकाचं पत्र आलं. 'सदर महिला चालकाच्या चेहऱ्यावरून ती नियमित मद्यपान करीत असल्याचे स्पष्ट दिसते.' शाळेचे मुख्याध्यापक आगीला भ्यायचे नाहीत इतके पत्राला भ्यायचे. त्यांनी मावशीला बोलावून घेतलं.

"सर, मी पीत नाही."

"मी कुठे म्हणतोय पिता म्हणून?"

"मग कोण म्हणतंय?"

"चेहरा म्हणतोय, बाई," मुख्याध्यापक हळहळत म्हणाले. "मी काय करू?"

त्यांनी केलं ते असं: श्वास तपासायचं एक यंत्र मागवलं आणि वॉचमनच्या हवाली केलं. रोज सकाळी साडेसहाला, बस बाहेर काढायच्या आधी, मावशीने त्यात फुंकायचं. वॉचमनने आकडा वहीत लिहायचा. बाकीच्या तीन बसचे ड्रायव्हर बाप्ये होते, त्यांना कुणी फुंकायला सांगितलं नाही. त्यांची नाकं नाकाच्या रंगाची होती ना!

त्या यंत्राला दोन दिवसांत 'फुंकणी' असं नाव पडलं. वॉचमन बिचारा भला माणूस, तो फुंकणी पुढे करायचा आणि स्वतः दुसरीकडे बघायचा, बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत चुकून शिरल्यासारखा. मावशी फुंकायची. शून्य. दुसऱ्या दिवशी फुंकायची. शून्य. बाकीचे ड्रायव्हर शेजारी बिड्या ओढत उभे.

घरी तिने तीन आठवडे चकार शब्द काढला नाही. पण सकाळचा चहा ती निवून गार झाल्यावर प्यायला लागली. गरम घेतला तर फाटकाशी पोचेपर्यंत नाक पेटलेलं असायचं. काकांनी पाहिलं, एक दिवस गेला, दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी ते समोर येऊन बसले.

"तू गार चहा पितेयस. कोण मेलं?"

तेव्हा तिने सांगितलं. सांगताना रडली नाही, पण कप उगाचच तीनदा विसळला.

आता या गोष्टीत माझी आई शिरते. आई मावशीची धाकटी बहीण. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दोन खुर्च्यांचं ब्यूटी पार्लर होतं. आईचा मुरमांपासून मोडलेल्या मनापर्यंत सगळ्यावर एकच उपाय: वाफ. "माझ्या बहिणीला दारुडी म्हणतात काय? बस इथे," म्हणाली आणि मावशीच्या डोक्यावर टॉवेल टाकून तिला वाफेच्या भांड्यावर ओणवी केली. दहा मिनिटांनी टॉवेल काढला तेव्हा आतून जी बाहेर आली तिला पाहून शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने आपलं फेशियल रद्द केलं.

"आजार रेड्याला आणि औषध पखालीला," काका म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या तोंडात खिळे नव्हते.

आई हार मानणारी नव्हे. मग गार पाण्याच्या घड्या झाल्या. त्यांनी तासभर बरं वाटायचं. मग बोटांच्या टोकांनी हलका मसाज झाला, गळ्याच्या दिशेने, पीस फिरवल्यासारखा. त्याने मावशीला झोप लागायची, नाक मात्र जागंच राहायचं. मग आईने कुठूनतरी लाल दिव्यांचा मुखवटा मागवला. पांढरा, कडक प्लास्टिकचा, डोळ्यांना भोकं आणि आतून शेकडो बारीक लाल दिवे. रोज वीस मिनिटं लावून पडून राहायचं. पहिल्याच दिवशी दारावर गॅसची टाकी घेऊन माणूस आला आणि मावशी विसरून तशीच दार उघडायला गेली. टाकी त्याने जिन्यातच सोडली. ती खालच्या मजल्यापर्यंत एकटीच गेली पण तो तिच्याही आधी पोचला.

महिनाभर मुखवटा झाला. आई म्हणाली, फरक आहे. काका म्हणाले, "आहे ना, रोज वीस मिनिटं घरात शांतता असते."

मी तेव्हा एका दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर होते. आमच्या वरच्या मजल्यावर त्वचेच्या डॉक्टरबाई बसायच्या. त्यांचे पेशंट जिना चुकून आमच्याकडे यायचे आणि मी त्यांना वर धाडायची. इतकी वर्षं परक्यांना वर धाडत होते, पण आपल्या घरातलं नाक वर न्यावं हे मला सुचलं नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो हाच. फुंकणीचा सहावा महिना चालू असताना मी मावशीला हाताला धरून वर नेलं.

डॉक्टरबाई उंच, कोरड्या, हसायला पैसे पडतात असा चेहरा. मावशीचे गाल त्यांनी भिंगातून पाहिले, दिवा जवळ आणला, लांब नेला.

"किती वर्षं आहे हे?"

"पाच-सहा. मी पीत नाही," मावशी म्हणाली.

"मी विचारलंच नाही. याला रोसेशिया म्हणतात. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगून राहतात. दारूने काहींचं वाढतं, पण एक थेंबही न घेणाऱ्या माणसांनाही होतो. नाक बघून कोण पितो ते सांगता आलं असतं तर पोलिसांना यंत्रं कशाला लागली असती?"

 मावशीने पर्समधून रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला. सहा महिन्यांत तिला पहिल्यांदाच घराबाहेरच्या कुणीतरी न फुंकता खरं मानलं होतं.

डॉक्टरबाईंना रडणं आवडत नसावं, कारण त्या लगेच पुढे बोलायला लागल्या. पुळ्यांसाठी मलम. ऊन, वाफ, फार गरम, फार तिखट, सगळं जपून. बसमध्ये खिडकीकडच्या गालाला ऊन जास्त लागतं म्हणून तो गाल जास्त लाल आहे, हे त्यांनी न सांगता ओळखलं. आणि बोलता बोलता हेही सांगून टाकलं की माणसाच्या चेहऱ्यावर डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, सगळ्यांच्याच असतात, रोसेशियात ते जास्त सापडतात. ही बातमी मावशीने घरी जाऊन काकांना सांगितली. काकांनी त्या दिवशी आपली उशी पलंगाच्या पायथ्याशी नेली.

मुखवट्याबद्दल मी विचारलं. "गरम लागत नसेल आणि बरं वाटत असेल तर लावा," बाई म्हणाल्या. "पण फुगलेल्या शिरा त्याने मिटतील असं मी म्हणणार नाही. त्याला लेसर लागेल. त्याचा प्रकाश रक्तातल्या लाल रंगात शोषला जातो, तिथे उष्णता होते आणि ती शीर आतून मिटते. तीन-चार वेळा यावं लागेल. बरं होईल असं म्हणत नाही, निवेल. आणि पहिले दहा-बारा दिवस चेहऱ्यावर जांभळे डाग पडतील."

"डाग म्हणजे?"

"मार बसल्यासारखे."

मावशीने हिशोबीपणाने सहामाही सुट्टीचा पहिला दिवस निवडला. शाळा बारा दिवस बंद, डाग बारा दिवस, कुणाला पत्ता लागायचा नाही. मी बरोबर होते. तिच्या डोळ्यांवर जाड चष्मा घातला, एका नळीतून गार हवा सोडली आणि बाईंनी पेनासारखं यंत्र नाकाशी धरलं. टक्. टक्. टक्. मावशी नंतर म्हणाली, जाड रबरबँड ताणून कुणी तोंडावर सोडावं तसं, शंभर वेळा. शिवाय प्रत्येक वेळी डोळे मिटलेले असूनही आत वीज चमकते. मध्येच बाईंनी विचारलं, "थांबू का?" मावशी म्हणाली, "फुंकण्यापेक्षा बरंय. चालू द्या."

दुसऱ्या दिवशी चेहरा सुजला आणि त्यावर रुपयाएवढे जांभळे गोल उठले. ओळीने. जणू कुणी शिस्तीत मारलं होतं.

तिसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला. मुलींच्या संघाची मॅच होती, नेमलेला ड्रायव्हर आजारी पडला होता, दुसरे दोघे गावाला. "मावशी, तुम्हीच," खेळाच्या बाई गयावया करत होत्या. मुलींनी वर्षभर घाम गाळला होता. मावशी गेली. स्कार्फ गुंडाळला, पण आरशात नीट दिसेना म्हणून पहिल्याच वळणावर सोडला.

मैदानावर खेळाच्या बाईंनी तिला बाजूला घेतलं. अगदी हळू आवाजात विचारलं, "मावशी, हे काय झालं?"

"काही नाही हो, मारून घेतलंय."

"मारून घेतलंय?"

"डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं मारल्यावर असे डाग पडतात म्हणून. अजून तीनदा मारायचंय. मग बघा कशी दिसते."

मधला 'लेसर' हा शब्द मावशी गाळून गेली होती. खेळाच्या बाईंनी तो मनात भरून घ्यायचा प्रयत्न केला असेल, पण तिथे दुसराच शब्द बसला असणार. कारण दोनच दिवसांत काकांच्या दुकानात शाळेच्या समुपदेशक बाई येऊन उभ्या राहिल्या.

काका एका आरामखुर्चीची पाठ ठोकत होते. हातात हातोडी, तोंडात चौदा-पंधरा खिळे.

"तुम्ही त्यांचे मिस्टर ना? मला तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचंय. राग आल्यावर तुम्ही काय करता?"

काकांनी हातोडी वर करून खूण केली, म्हणजे 'जरा थांबा, तोंड भरलंय.' बाई दोन पावलं मागे सरकल्या, पण पळाल्या नाहीत. काकांनी खिळे तळहातावर काढले, पुसले, आणि सगळं समजून घेतल्यावर म्हणाले, "बाई, तिला मारायचं तर मला स्टुलावर चढावं लागेल. आणि तिने स्टूल धरल्याशिवाय मी कुठेच चढत नाही, मला चक्कर येते."

रात्री काका हे रंगवून सांगत होते आणि मी आणि आई हसून लोळत होतो. मावशी हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती त्या समुपदेशक बाईंच्या घरी गेली, लेसरचा कागद दाखवला आणि म्हणाली, "आमच्याकडे तुम्ही फुकट आलात. पण दुसऱ्या कुणाचं असं तोंड दिसलं तर अशाच जा. हातोडी बघूनही जा." बाईंना वाटलं ही भांडायला आली असेल. त्यांनी मावशीला सरबत दिलं, गार.

मुख्याध्यापकांपर्यंत मात्र निम्मीच गोष्ट पोचली होती. शाळा उघडल्या उघडल्या पहिल्या पालकाचं दुसरं पत्र आलं: आता दारूबरोबर मारामारीही दिसते आहे. सभा ठरली. मावशीने मला बरोबर घेतलं, डॉक्टरबाईंचं पत्र माझ्या पिशवीत होतं.

मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही सात जण होतो. ते, पर्यवेक्षिका, समुपदेशक बाई, पत्र लिहिणारे पालक, आम्ही दोघी आणि दाराशी फुंकणी आणि वही घेऊन वॉचमन. मावशीच्या चेहऱ्यावरचे डाग तोवर पिवळट झाले होते. पालक गृहस्थ चांगले इस्त्रीचे कपडे घालून, गंभीर.

"आठ महिने रोज शून्य," पर्यवेक्षिका वही चाळत म्हणाल्या. "एकदाही चुकलेलं नाही."

"यंत्रच बिघडलेलं असेल," पालक म्हणाले.

मी पत्र काढायला पिशवीत हात घातला, पण मावशीने माझा हात दाबला.

"साहेब म्हणतात त्यात तथ्य आहे," ती म्हणाली. "मलाही शंका येते. याने शून्याशिवाय काही दाखवलेलं कुणी पाहिलंय का? तपासून बघू या. सर, तुम्ही फुंका."

मुख्याध्यापक हसले. स्वच्छ चारित्र्याचा माणूस हसतो तसे. फुंकणी घेतली, ऐटीत छाती भरली आणि फुंकले.

यंत्र किंचाळलं. लाल दिवा लागला आणि चांगला ठळक आकडा उमटला.

 वॉचमनने आठ महिने शून्य काढून हात बसवला होता. तो पेन उघडून उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "लिहू का, सर?"

मुख्याध्यापकांचं तोंड मावशीपेक्षा लाल झालं. "हे... मी... पस्तीस वर्षांच्या सेवेत..." पालक गृहस्थ खुर्ची हळूच त्यांच्यापासून दूर सरकवत होते.

खरं सांगते, मला वाटलं आता मावशी त्यांची सालटी काढणार. आठ महिन्यांचा हिशेब चुकता करायला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. पण ती पुढे वाकली आणि बसमधल्या ओकणाऱ्या पोराला विचारावं तसं म्हणाली, "सर, आत्ता येताना तोंडात काही घेतलंत? वासाचं?"

"माउथवॉश," मुख्याध्यापक पुटपुटले. "सभा होती म्हणून..."

"त्यात अल्कोहोल असतं. साध्या पाण्याने चूळ भरा, पंधरा मिनिटं थांबा आणि परत फुंका. पुस्तिकेत पान सातवर लिहिलंय." मग ती वॉचमनकडे वळली. "लिहू नका हो."

पुस्तिका तिने पहिल्याच आठवड्यात वाचून काढली होती. आणखी कुणीच वाचली नव्हती.

त्या पंधरा मिनिटांत कुणाला उठता येईना. उठलं तर मुख्याध्यापकांना तसंच सोडून गेल्यासारखं दिसलं असतं. मावशीने मग निवांतपणे सगळं सांगितलं. रक्तवाहिन्या, ऊन, लेसर, रबरबँड. डॉक्टरबाईंचं पत्र फिरवलं. चेहऱ्यावरच्या किड्यांपर्यंत आली तेव्हा "तुमच्याही आहेत" म्हणून तिने सगळ्यांवरून बोट फिरवलं, आणि सहाच्या सहा जणांचे हात आपापल्या नाकाकडे गेले. मी आधी ऐकलेलं होतं, तरी माझाही गेला.

"एका आकड्यावरून सर दारुडे ठरत होते," ती शेवटी म्हणाली. "त्यांना पंधरा मिनिटं मिळाली. मला आठ महिने रोज तोंड पुढे करावं लागलं, आणि शेजारी बाकीचे बिड्या ओढत उभे. लवकर आलेली पोरं वर्गाच्या खिडकीतून बघायची. त्यांच्यासमोर फुंकताना काय वाटतं ते मी सांगत नाही. सांगितलं तर पुन्हा लाल होईन."

मुख्याध्यापकांनी पुन्हा फुंकलं. शून्य. त्यांनी असा सुस्कारा सोडला की त्यानेही यंत्र चाललं असतं. मग ते उभे राहिले, मावशीसमोर आले आणि म्हणाले, "बाई, माझं चुकलं." त्यांनी कधी तोंडाने चूक कबूल केल्याचं शाळेत कुणाला आठवत नव्हतं.

पालक गृहस्थ घसा साफ करत म्हणाले, "माझा हेतू मुलांच्या सुरक्षिततेचाच होता."

"हेतू चांगलाच होता, साहेब. नाक चुकीचं निवडलंत."

फुंकणी बंद करू या, असं मुख्याध्यापक म्हणाले, तर मावशीनेच अडवलं. तिचं म्हणणं, पोरं बसमध्ये बसतात तर तपासणी हवीच, पण चौघांची हवी. ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला चारपैकी एका ड्रायव्हरच्या पोटात अचानक कळ आली. ती आठवडाभर राहिली आणि मग त्याने नोकरीच बदलली. दिसायला मोठा राजबिंडा माणूस, नाक तर चाफेकळीसारखं.

मावशी लेसरला आणखी तीनदा गेली. डाग पुढे कमी कमी पडत गेले. गालांवरच्या शिरा बऱ्याचशा मिटल्या, नाक फिकट गुलाबी झालं, पुळ्या मलमाने दबल्या. सगळं गेलं नाही. ऊन लागलं की अजून पेटते, वर्षा-दीड वर्षाने एकदा वर जाऊन टकटक करून घेते. बसच्या खिडकीला काच काळी केलीय, तोंडाला उन्हाचं मलम दिवसातून तीनदा. वाफेचं भांडं आईने माळ्यावर टाकलं, पण फार दुःखाने.

एकदा ती बराच वेळ आरशासमोर उभी होती, तेव्हा काकांनी विचारलं, काय बघतेस? "किती वर्षांनी नाकाच्या बाजूचंही काहीतरी दिसतंय," ती म्हणाली. "डोळे बरे आहेत की माझे." काकांनी तोंडातले खिळे काढले आणि म्हणाले, "ते मला कधीच दिसत होते." मग लगेच खिळे परत घातले, म्हणजे आणखी काही बोलावं लागू नये.

परवा लायसन्स नवं करायला मी तिच्याबरोबर गेले होते. खिडकीतल्या कारकुनाने जुन्या लायसन्सवरचा फोटो पाहिला, मग मावशीला पाहिलं, मग पुन्हा फोटो.

"बाई, या तुम्ही नाही."

"मीच आहे."

"या बाई वेगळ्या दिसतात. तापट वाटतात. तुमची बहीण आहे का?"

मावशीला ते 'तापट' ऐकून हसू फुटलं. आधी गालातल्या गालात, मग खांदे हलायला लागले, मग ती काउंटरला धरून मोठ्यांदा हसायला लागली. गळ्यापासून लाली चढत गेली, गाल, नाक, कपाळ.

कारकुनाने पुन्हा एकदा फोटोवर नजर टाकली. "हां," म्हणाला, "आता जुळलं." आणि शिक्का मारला.